काय काय सोडलंस?

ज्या घरात बाळ ओकतं त्या घराला वास येतो. दह्याचं भांडं विसळायचं राहिलं की येतो तसा, आंबूस. घरच्यांची नाकं सरावलेली असतात, पण दारात आलेला माणूस क्षणभर थबकतो आणि मग चेहरा नीट करतो. मी थबकत नाही. माझ्या लेकीनं तिचं पहिलं वर्ष माझ्या डाव्या खांद्यावर काढलं. साडी बदलली, केस धुतले, तरी बँकेत कॅशच्या खिडकीत बसल्यावर तो वास माझा मलाच यायचा. ती लेक आता बंगळुरात नोकरी करते आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. म्हणजे सगळं व्यवस्थित झालं.

एवढीच माझी पात्रता. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. निवृत्त झाल्यावर घरी बसून टीव्हीशी भांडत होते, तेव्हा विश्रांतवाडीतल्या आमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आयांना औषध नको असतं हो, ऐकणारं माणूस हवं असतं. मला तेवढा वेळ नाही. तुम्ही याल का?" गेले. तेव्हापासून गुरुवारी दुपारी, दवाखाना बंद असतो तेव्हा, बाहेरच्या खोलीत सतरंजी घालून आम्ही बसतो. ओकणारी बाळं, चालायला लागलेली पण घास पाहिला की तोंड फिरवणारी पोरं, त्यांच्या आया, कधी आज्या, क्वचित एखादा बाप.

डॉक्टरबाई त्याला रिफ्लक्स म्हणतात. मी 'दूध वर येणं' म्हणते, कारण आज्यांना ते लगेच कळतं. बाईंनी तपासून, काळजीचं काही नाही असं सांगितलेलीच बाळं माझ्याकडे येतात. हिरवी उलटी, रक्त, लांबवर उडणारा फवारा, न वाढणारं वजन, असलं काही कानावर आलं की मी सतरंजीवरून उठवून बाईंकडे पाठवते. बाकीच्यांना सांगायचं ते थोडकंच असतं. थोडं थोडं पाजा. पाजल्यावर बराच वेळ उभं धरा. ओकलं म्हणजे पोट रिकामं झालं असं समजून लगेच पुन्हा भरू नका. झोपवायचं मात्र पाठीवरच. आणि वाट बघा. बाळ बसायला लागलं, उभं राहायला लागलं की बहुतेकांचं आपोआप थांबतं. यातलं शेवटचं कुणालाच ऐकायचं नसतं. वाट बघण्यापेक्षा काहीही करायला माणसं तयार असतात.

माझा एक नियम आहे, त्यावरून डॉक्टरबाई सुरुवातीला मला हसायच्या. बाळाला काट्यावर ठेवलं की आईनंही शेजारच्या मोठ्या काट्यावर उभं राहायचं. बाळाच्या वजनाचं सगळ्या घरादाराला पाठांतर असतं. बाळंतीण झाल्यावर आईचं वजन कुणी विचारलं तर ते टोमणा मारायलाच.

ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा मला तिच्यापेक्षा तिचा मुलगाच आधी दिसला. गुटगुटीत, गालांवरून बोट घसरेल असा, आणि कमालीचा हसरा. आल्या आल्या त्यानं शेजारच्या बाईच्या ओढणीवर भडाभडा दूध काढलं आणि तिच्याचकडे बघून खुदकन हसला. काट्यावर ठेवला तर झकास वाढलेला. सतरंजीवरच्या सगळ्या आयांनी त्याच्याकडे हेव्यानं बघितलं. मग ती मोठ्या काट्यावर चढली. तिच्या बाळंतपणानंतरच्या तपासणीतला आकडा तिच्या फाइलमध्ये होता, त्यापेक्षा ती बरीच खाली उतरली होती.

"काटा बिघडला असन काकू," ती म्हणाली.

"काटा बिघडलेला असता तर मला आनंदच झाला असता," असं म्हणून मी स्वतः त्यावर चढून दाखवलं. काटा ठणठणीत होता.

ती वर्ध्याकडची. लग्न होऊन पुण्यात आलेली, नवरा आयटीत, मांजरीला नव्या इमारतीत घर. बाळंतपणानंतर सासूबाई शनिवार पेठेतून मदतीला म्हणून मांजरीला राहायला आल्या होत्या. हे सगळं ती खाली बघत सांगत होती आणि खांद्यावरचं फडकं सारखं सारखं नीट करत होती. मी तिला विचारलं, "काय काय सोडलंस?"

हा प्रश्न मी सगळ्याच पाजत्या आयांना विचारते. आपल्याकडे बाळाच्या पोटात काहीही झालं तरी पहिला संशय आईच्या ताटावर. तिचंही तसंच झालेलं. हरभऱ्याची डाळ वातूळ म्हणून सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बंद केली. तरी बाळ ओकलं, मग तूरडाळ गेली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दूध-दही बंद करायला सांगितलं. फोनवर कुठलासा व्हिडिओ बघून नवऱ्यानं गहू बंद केला. आंबट, तिखट, शेंगदाणे, वांगी, कोबी ही तर आधीच हद्दपार होती. प्रत्येकानं प्रेमानं एकेक पदार्थ काढून घेतला होता आणि कुणीही एखादा परत दिला नव्हता. उरला होता मऊ भात, तूप आणि दुधीची पांढरी भाजी. मेतकूटसुद्धा नाही, त्यात डाळ असते म्हणून.

"तो ओकला ना काकू, की घरातले सगळे आधी माझ्या ताटाकडे बघतात," ती म्हणाली. "मग मीही सकाळपासून काय खाल्लं ते आठवत बसते. आता तर भूकच नाही लागत. काल त्याला घेऊन उभी झाली तर गरगरलं. हातातून पडला असता तो."

हे सांगताना ती रडली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी तिला तशीच आत नेलं; दवाखाना बंद असला तरी डॉक्टरबाई आत कागदपत्रं आवरत बसलेल्या असतात. डॉक्टरबाईंनी तिला तपासलं, रक्त तपासायला सांगितलं, आणि स्पष्ट शब्दांत बजावलं की सगळं खायचं. आईच्या जेवणातलं काही बाळांना खरंच बाधतं, पण त्याच्या खुणा वेगळ्या असतात आणि त्यातली एकही या बाळात नाही. तिनं मान डोलावली. बाहेर येऊन चपला घालताना मला हळूच म्हणाली, "घरी नाही चालायचं हे. पुढच्या महिन्यात उष्टावण आहे. त्या दिवशी खीर ओकला, तर माझं दूधच त्याला सोसत नाही असं ठरेल. मग दूधही बंद करायचं म्हणून राहिले सगळे."

म्हणजे आता पोरीकडून काढून घेण्यासारखं तेवढंच शिल्लक होतं.

मी सहसा कुणाच्या घरी जात नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून अक्कल शिकवणाऱ्या बायकांचा मला मनस्वी राग आहे. पण पुढच्या गुरुवारी ती आली नाही, फोन केला तर आवाज अगदी खोल गेलेला. दुसऱ्या दिवशी मी रिक्षा केली आणि मांजरी गाठली.

दार सासूबाईंनी उघडलं. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, काटकुळ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मी कोण ते सांगितलं.

"अच्छा, आपणच त्या वजन करणाऱ्या," त्या म्हणाल्या. "या. चपला बाहेरच काढा. चहा चालतो ना, का त्याचंही वजन करावं लागेल?"

घर आरशासारखं लख्ख होतं. बाल्कनीत बाळाची फडकी ओळीनं वाळत घातलेली, प्रत्येकाची कड सरळ. सून आत झोपली होती. बाळ सासूबाईंच्या खांद्यावर होतं आणि त्या खोलीत सावकाश येरझाऱ्या घालत होत्या. पाजून झाल्यावर त्याला उभं धरून फिरवायचं काम त्यांच्याकडेच होतं हे कळत होतं. खांद्यावरचं सुती पातळ ओकून ओकून पिवळं पडलेलं, पण कपाळावर त्याची आठी नाही. मी घरून भांडायची तयारी करून आले होते. समोरची बाई अशी निघाली की भांडण अवघड होतं. तरीही मी बोलले, आणि जरा चढ्या आवाजातच बोलले.

"अहो, बाळ वाढतंय आणि आई वाळतेय, हे दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतं," त्या म्हणाल्या. "चष्मा त्यासाठीच लावलाय. एक वर्षाचा प्रश्न असतो. मीही काढलंय ते वर्ष."

मग येरझाऱ्या न थांबवता त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा, म्हणजे या बाळाचा बाप, असाच ओकायचा. त्यांच्या सासूनं त्यांचं असंच एकेक बंद केलं. तरी थांबेना. शेवटी एके दिवशी देवासमोर उभं राहून त्या बोलल्या, की याचं ओकणं थांबू दे, मी जन्मात हरभऱ्याच्या डाळीला तोंड लावणार नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच तो उभा राहायला लागला, आणि थांबला.

"हरभऱ्याचीच का?" मी विचारलं.

"आवडीचं सोडायचं असतं. नावडतं काय, कुणीही सोडेल." त्या पहिल्यांदाच किंचित हसल्या. "माझ्यासारखी पुरणपोळी आमच्या आळीत कुणाची होत नाही. दर होळीला करते. न चाखता."

आणि मी बोलून गेले. म्हटलं, "अहो, तो थांबणारच होता. उभी राहायला लागली की थांबतातच ती. डाळीनं नाही थांबला तो."

बाईंच्या येरझाऱ्या थांबल्या. खालच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला.

"म्हणजे मी उगाच सोडलं?"

बँकेत मला वाटायचं की खरं ते सांगून टाकावं, मग समोरचा आणि त्याचं नशीब. इथे समोर एक बाई उभी होती. तिनं सगळं आयुष्य ज्याच्यावर तोलून धरलं होतं ते मी एका वाक्यात काढून घेतलं होतं. तिच्या सुनेचं ताट मला भरायचं होतं. त्यासाठी मी सासूच्या पानातला, तीस-बत्तीस वर्षं तिनं अभिमानानं रिकामा ठेवलेला, पुरणाचा तो एक कोपरा निरर्थक ठरवला होता. मला फार वाईट वाटलं. आणि तरी सुनेसाठी मी ते पुन्हा बोलले असते, हेही खरंच आहे.

"चहा गार होतोय तुमचा," त्या म्हणाल्या. मी गार चहा प्यायले. निघताना दारात त्यांनी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाल्या, "उष्टावणाला या. ती बोलावणारच आहे तुम्हाला. मीही बोलावतेय."

उष्टावणाच्या दिवशी मी गेले तेव्हा बाळाचा मामा नुकताच वर्ध्याहून येऊन पोचला होता. सुनेचा धाकटा भाऊ, नवा कडक शर्ट, हातात स्टीलचा मोठा डबा. बहीण समोर आली तसा तो तिच्याकडे बघतच राहिला.

"ताई, काय झालं तुले? आजारी होती का?"

"नाही रे. झोप नाही होत ना," ती म्हणाली.

त्यानं डबा सासूबाईंच्या हातात दिला. "मायनं भरडा पाठवला, मावशी. गोळाभाताचा. ताईले लय आवडते, म्हणून."

आम्हा पुणेकरांना गोळाभात म्हणजे काय ते सहसा ठाऊक नसतं. हरभऱ्याच्या आणि इतर डाळींचा जाडसर भरडा तिखट-हिंग घालून मळायचा, त्याचे गोळे शिजत्या भातावर वाफवायचे, आणि गोळा भातात कुस्करून वर मोहरी-मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची. म्हणजे त्या घरात जे जे बंद होतं ते बहुतेक सगळं एकाच डब्यात आलं होतं. सासूबाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं आणि डबा आत घेऊन गेल्या. त्या डब्याची जागा आता माळ्यावर, असं मी मनात म्हटलं. पोरीनंही बहुधा तेच म्हटलं असावं. ती नजर खाली घालून रांगोळी पुरी करत होती.

पाहुणे शनिवार पेठेतलेच बहुतेक. बाळाला मामाच्या मांडीवर बसवलं. चांदीच्या वाटीत खीर. मामानं सोन्याची अंगठी खिरीत बुडवून त्याच्या ओठांना लावली. त्यानं जीभ काढून चाटली, विचार केला आणि हसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आजोबा, आत्या, चुलत आजी असे एकेक चमचा भरवायला पुढे यायला लागले. आमच्याकडे हौस म्हटली की पोटाचा विचार कुणी करत नाही. मी तोंड उघडणार एवढ्यात बाळानंच उघडलं. मामाचा नवा शर्ट कॉलरपासून खिशापर्यंत पांढरा झाला.

आणि मग, पोरीनं मला सांगितलं होतं तस्संच, सगळ्यांच्या माना बाळावरून आईकडे वळल्या. चुलत सासूबाईंनी विचारलंच, "काय खाल्लं होतंस गं सकाळी?"

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. ती खरंच आठवायला लागली होती.

"काही खाल्लं नाहीये तिनं," स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या. "तीच तर अडचण आहे."

त्या पुढे आल्या, पाहुण्यांच्या हातातली चांदीची वाटी घेतली आणि देवापुढे ठेवून दिली. "त्याचं झालं उष्टावण. पोट केवढं, भरवणारे किती! उरलेल्यांनी आता हिला भरवा." आणि आतून ताट घेऊन आल्या. भात, त्यावर वाफाळते गोळे, वर फोडणीचं लालभडक तेल. बाळाच्या आंबूस वासात एकदम हिंगाचा वास मिसळला. "मामा, आधी तुम्ही. मान तुमचा."

भावानं ओल्या शर्टानिशीच घास कालवला आणि बहिणीच्या तोंडाशी नेला. तिनं आधी सासूकडे बघितलं. मग तोंड उघडलं. पहिला घास तिला गिळवेना, कारण आता ती रडत होती, इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं. सासूबाईंनी पाण्याचं भांडं पुढे केलं. "सावकाश. कुणी पळवून नेत नाहीये." मग आत्यानं भरवला, आजोबांनी भरवला, 'काय खाल्लंस' विचारणाऱ्या चुलत सासूबाईंनीही भरवला आणि वर पदरानं तिचं नाक पुसलं. मीही भरवला. तिची भूक परत आलेली माझ्या बोटांना कळली. मला इतका आनंद मी घातलेल्या कुठल्याच सतरंजीवर झाला नव्हता.

सगळ्यांत शेवटी सासूबाईंनी भरवला. तो खाऊन झाल्यावर पोरीनं ताटातला एक गोळा फोडला, भातात कालवला आणि घास सासूच्या तोंडाशी धरला.

त्या मागे सरल्या. "मला नको. माझं सोडलेलं आहे."

पोरीनं हात खाली घेतला नाही. माझाच प्रश्न तिनं विचारला. "काय काय सोडलंय आई तुम्ही?"

"काय काय नाही. एकच. हरभऱ्याची डाळ."

"कधीपासून?"

त्यांनी हनुवटीनं मुलाकडे खूण केली. तो बाळाला खांद्यावर घेऊन, दुसऱ्या हातानं मेव्हण्याचा शर्ट ओल्या फडक्यानं पुसत होता. "हा ओकायचा तेव्हापासून."

तो पुसायचा थांबला. "म्हणजे पुरणपोळी... तू तर म्हणायचीस तुला पुरण पचत नाही."

"तेवढं सांगितलं की पुढचे प्रश्न येत नाहीत."

त्या क्षणी त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. 'उगाच?' हे त्यांनी मला विचारलेलं अजून तसंच लोंबकळत होतं. मुलानं फडकं खाली टाकलं. बायकोच्या हातातला घास आपल्या हातात घेतला आणि आईसमोर उभा राहिला. खांद्यावरून त्याचं पोरगं आजीकडे बघून हसत होतं.

"आई, मी ओकायचा थांबलोय," तो म्हणाला. "खा आता."

सासूबाईंनी चष्मा काढला आणि तोंड उघडलं. डोळे मिटून खूप वेळ चावत राहिल्या. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ कमी पडलंय," शेवटी त्या म्हणाल्या. "चाखून बघता आलं नाही मला." आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.